शहराजवळच्या तळ्याकाठी आणि पाणथळ जागी जाताना

सुट्टीच्या दिवशी शहराबाहेरच्या तळ्यावर जायचे ठरवणारी बहुतेक मंडळी पाण्याचा विचार करतात. काठाचा विचार फारसा कोणी करत नाही. वास्तविक अशा जागी पाहण्यासारखे आणि जपून वागण्यासारखे जे काही असते, त्यातले बरेचसे काठालगतच्या वीस-पंचवीस पावलांच्या पट्ट्यात सापडते. पाणी जिथे गुडघाभरही खोल नसते तिथे ऊन तळापर्यंत पोहोचते, वनस्पती रुजतात, मासे आणि किडे अंडी घालतात आणि त्यांच्या मागोमाग पक्षी येतात. माणसाचा पाय रुततो तोही याच पट्ट्यात, वाऱ्याने ढकललेले विषारी शेवाळ साचते तेही इथेच आणि नकळत पायाखाली येऊ शकणारी घरटीही इथेच असतात. त्यामुळे जागा निवडण्यापासून घरी परतल्यावर बूट धुण्यापर्यंतचा पुढचा सगळा विचार काठ धरूनच केला आहे.

जागा कशी निवडावी

पाणथळ जागा म्हटले की दूरवरचे एखादे अभयारण्य डोळ्यांपुढे येते. पण या शब्दाची मान्य व्याख्या त्याहून बरीच ऐसपैस आहे. इराणमधल्या कॅस्पियन समुद्राकाठच्या रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात नैसर्गिक किंवा मानवनिर्मित, कायमचे किंवा हंगामी, साचलेले किंवा वाहते, गोडे किंवा खारे असे सर्व प्रकारचे पाणी धरलेले आहे. समुद्राच्या बाबतीत मात्र ओहोटीच्या वेळी पाणी ६ मीटरपेक्षा खोल नसावे अशी मर्यादा आहे. फिरायला जाणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की शहराच्या कडेची मिठागरे, मत्स्यशेतीची तळी, पावसाळ्यानंतर महिना-दोन महिने टिकणारी डबकी, खाडीचा चिखल आणि पाणीपुरवठ्याच्या जलाशयाचा उथळ भाग या सगळ्याच जागा पाहण्याजोग्या ठरतात. लंडनमध्ये तर वापरातून गेलेल्या जुन्या जलाशयांच्या जागी घडवलेले पाणथळ केंद्र २००० साली लोकांसाठी खुले झाले आणि आज ते भर शहरात पक्षी पाहण्याचे नामांकित ठिकाण आहे. शहरांनी अशा जागा सांभाळाव्यात म्हणून रामसर करारानुसार ‘पाणथळ शहर’ ही मान्यताही दिली जाते. पहिल्या १८ शहरांना ती २०१८ साली मिळाली.

घरबसल्या निवड करायची असेल तर उपग्रहाचा नकाशा उघडून पाण्याचा आकार न पाहता काठाचा आकार पाहावा. सरळ, कडक रेषेचा काठ बहुधा बांधलेला असतो. तिथे पायऱ्या उतरताच पाणी खोल होते आणि चालायला रस्ता चांगला मिळाला तरी पाहायला फारसे काही मिळत नाही. वेडावाकडा, बोटांसारखा आत-बाहेर गेलेला आणि रंगाने मातकट-हिरवा दिसणारा काठ उथळ असतो. धरणाच्या जलाशयावर तर हा फरक फारच ठळक असतो: भिंतीजवळ पाणी सर्वांत खोल असते आणि नदी किंवा ओढा जिथे येऊन मिळतो त्या फुगवट्याच्या टोकाला गाळ साचून पाणी पसरट झालेले असते. लोक सवयीने भिंतीकडे गर्दी करतात, पक्षी मात्र फुगवट्याला असतात. नकाशावर जुनी उपग्रहचित्रे पाहण्याची सोय असेल तर एकाच जागेची वेगवेगळ्या महिन्यांतली चित्रे ताडून पाहावीत. पाणी किती मागे सरकते आणि चिखल कुठे उघडा पडतो ते त्यांतून कळते.

जागा ठरली की ती कोणाच्या ताब्यात आहे हे विचारून घ्यावे. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांवर अनेकदा प्रवेशबंदी असते, संरक्षित क्षेत्रात परवाना लागतो आणि विणीच्या हंगामात काही वाटा मुद्दाम बंद ठेवलेल्या असतात. दगडाच्या जुन्या खाणींत साचलेली तळी मात्र या यादीतून सरळ वगळावीत. तिथे उथळ काठ जवळजवळ नसतोच, कडा ठिसूळ असतात, पाणी एकदम खोल आणि खालच्या थरात अतिशय थंड असते, आणि त्यात पडलेल्याला बाहेर येण्यासाठी धरायला काही सापडत नाही. त्या तळ्यांचा निळा रंग छायाचित्रात कितीही मोहक दिसला तरी माझे मत बदललेले नाही.

वेळ, ऊन आणि वारा

पहाटे जावे हे सगळेच सांगतात. कोणत्या काठाला जावे हे सहसा कोणी सांगत नाही. सकाळी सूर्य पूर्वेला असतो, म्हणून पूर्वेच्या काठावर उभे राहून पश्चिमेकडे पाहावे. सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचे रंग, पिसांवरच्या रेघा, डोळ्यांभोवतीची वर्तुळे स्वच्छ दिसतात. हाच माणूस पश्चिमेच्या काठावर गेला तर चकाकत्या पाण्यावर काळ्या आकृत्या हलताना दिसण्यापलीकडे त्याच्या हाती काही लागत नाही. संध्याकाळी बाजू उलटते. वाऱ्याचेही असेच आहे. पाणपक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि उडतानाही वाऱ्याला सामोरे झेपावतात. त्यामुळे वारा पाठीवर घेऊन उभे राहिल्यास थव्याची तोंडे आपल्याकडे असतात. ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी मिळतील अशी जागा रोज सापडत नाही, आणि दोहोंपैकी एकच मिळणार असेल तर उन्हाला प्राधान्य द्यावे.

हंगामाचा विचार करताना दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. उत्तर गोलार्धात ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत उत्तरेकडचे बदके आणि चिखलपक्षी दक्षिणेकडच्या उबदार पाण्यांवर मुक्कामाला असतात, हे एक. पाण्याची पातळी ही दुसरी गोष्ट. तळे काठोकाठ भरलेले असताना ते सुंदर दिसते, पण चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना तिथे पाय टेकायलाही जागा नसते. पाणी ओसरू लागते आणि रोज हातभर नवा चिखल उघडा पडत जातो, तेव्हाच तिथे खरी वर्दळ सुरू होते. पाऊस संपल्यावर लगेच गेलेल्याने निराश होऊन परतू नये. सहा आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा जावे. खाडीकाठी हाच खेळ दिवसातून दोनदा होतो, म्हणून तिथे निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून पाणी चढत असताना पोहोचावे: चिखल बुडत जातो तसे पक्षी हळूहळू काठाकडे सरकत येतात. परतीची वाट मात्र त्याच पाण्याखाली जाणारी नसावी.

बरोबर काय घ्यावे

सामानाची यादी लांबवण्यात अर्थ नाही. घोट्याच्या वर येणारे, ओले झाले तरी चालणारे बूट, पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे, टोपी, पिण्याचे पाणी, डासांना दूर ठेवणारे मलम, शिटी, आणि छातीपर्यंत उंचीची एक सरळ काठी एवढे पुरते. काठीचा उपयोग आधारासाठी कमी आणि पुढची जमीन चाचपण्यासाठी जास्त होतो. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा असेल तर तळ दिसतो आणि खोलीचा अंदाज येतो.

दुर्बीण घेणार असाल तर ८×४२ ही जोडी पाण्याकाठी सर्वांत सोयीची पडते. पहिला आकडा किती पट मोठे दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो; दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते, जी इथे सव्वापाच मिलिमीटर भरते आणि पहाटेच्या अंधूक उजेडात पुरेशी ठरते. बारापट मोठे दाखवणारी दुर्बीण दुकानात हातात घेतल्यावर भुरळ घालते, पण हाताचा कंपही तितकाच मोठा होतो आणि अर्ध्या तासात मान अवघडून ती पिशवीत जाते. दुर्बीण नसली तरी अडत नाही.

एका जागी बसण्याचे तंत्र

डोंगर चढून पाहतात, पाणथळ जागा बसून पाहावी लागते. तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घालणारा माणूस आपल्यापुढे शंभर पावलांवरचे सगळे उडवत जातो आणि शेवटी रिकाम्या काठाचे वर्णन करतो. त्याऐवजी लव्हाळ्याची किंवा झुडपाची पाठराखण असलेली, आकाशाच्या पार्श्वभूमीवर आपली आकृती उठून दिसणार नाही अशी एक जागा हेरावी आणि निदान अर्धा तास तिथून हलू नये. पहिली दहा मिनिटे काहीच घडत नाही, आणि बहुतेक लोक नेमके अकराव्या मिनिटाला उठतात. त्यानंतर आधी बेडूक पुन्हा बोलू लागतात, मग लव्हाळ्यातून एखादी पाणकोंबडी शेपटी झटकत बाहेर येते, आणि विसाव्या मिनिटाच्या आसपास आपण त्या काठाचा भाग झालेलो असतो.

आता पाहायचे ते पायांकडे आणि चोचींकडे, कारण एकाच काठावर इतके पक्षी भांडणाशिवाय कसे जेवतात याचे उत्तर त्यांत आहे. लहान तुतवार ओल्या चिखलावर, फार तर बोटभर पाण्यात वावरतो. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या त्याच्या पुढे, वीतभर पाण्यात सहज चालतो. त्याच्याही पुढे राखी बगळा स्वतःच्या मांडीपर्यंतच्या पाण्यात पुतळ्यासारखा उभा असतो. पाय टेकत नाहीत तिथे बदके तरंगतात आणि शेपटी वर करून जितकी मान पोहोचेल तितक्या खोलीवरचे खातात. त्याहून खोल पाणी टिबुकली आणि पाणकावळ्यासारख्या बुड्या मारणाऱ्यांचे. म्हणजे पक्षी ओळखता आले नाहीत तरी ते कुठे उभे आहेत यावरून तळ्याच्या तळाचा नकाशा काढता येतो, आणि आपण पाय कुठे टाकू नये हेही समजते.

थापट्या नावाचे बदक दिसले तर त्यावर दुर्बीण स्थिर करून पाच मिनिटे द्यावीत. त्याची चोच टोकाला चमच्यासारखी पसरट असते आणि तिच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. चोच पाण्याच्या पृष्ठभागावर सपाट ठेवून तो पाणी आत घेतो, कडांनी बाहेर सोडतो आणि मागे राहिलेले सूक्ष्म जीव गिळतो. कधीकधी दहा-बारा थापटे एकमेकांच्या शेपटीमागे लागून गोल गोल फिरू लागतात. पायांनी ढवळलेल्या पाण्यातून वर आलेले अन्न पुढच्याच्या मागे राहते आणि ते मागच्याला मिळते. हे चक्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ती विणीची काही रीत वाटली होती. प्रत्यक्षात ती पंगत होती.

पक्षी नसतील तेव्हा हाताच्या अंतरावर पाहावे. पाणकणसाच्या पात्यावर मातकट रंगाची, पाठीवर चीर पडलेली एक पोकळ कात चिकटलेली दिसली तर ती चतुराची असते. त्याचे पिल्लू पाण्याखाली राहते, वाढ पूर्ण झाली की रात्री किंवा पहाटे पात्यावर चढते आणि पाठ फाडून पंख असलेला चतुर बाहेर पडतो. चिरेतून लोंबणारे पांढरे दोरे म्हणजे त्याच्या श्वासनलिकांचे अस्तर. बसताना पंख पसरून ठेवतो तो चतुर आणि सहसा पाठीवर मिटून घेते ती टाचणी, म्हणजे चतुरासारखाच पण सडपातळ कीटक, एवढा फरक लहान मुलेही एका सकाळीत शिकतात.

चिखल ओळखणे

ओसरलेल्या पाण्याचा काठ वरून वाळलेला आणि आतून लिबलिबीत असतो. चिखलाला रुंद भेगा पडून त्याचे तुकडे सुटे झाले असतील आणि कडा वर वळल्या असतील तर तो बराचसा वाळला आहे असे समजावे. बारीक भेगा असलेला, मध्ये गडद आणि ओलसर चमक असलेला भाग टाळावा. गुरांच्या खुरांचे ठसे किती खोल गेले आहेत ते पाहणे ही त्याहून भरवशाची खूण आहे. पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी काठी टोचावी, आणि ती वीतभराहून जास्त सहज आत गेली तर मागे फिरावे.

पाय रुतलाच तर तो सरळ वर ओढू नये, कारण खाली पोकळी होऊन चिखल तो अधिकच धरून ठेवतो. मागे रेलून बसावे किंवा आडवे व्हावे, म्हणजे वजन पसरते. मग पाय पुढे-मागे हलवत चिखलात पाणी आणि हवा शिरू द्यावी आणि सावकाश सोडवून आलेल्या वाटेनेच सरपटत परत यावे. बूट आत राहिला तर राहू द्यावा. माझा एक बूट अशाच एका जलाशयाच्या तळाशी आहे आणि त्याला आणायला गेलो नाही याचा मला आनंद आहे. मदतीला येणाऱ्याने कडक जमिनीवर आडवे पडून काठी किंवा ओढणी पुढे करावी, स्वतः जवळ जाऊ नये.

काठीने चिखल ढवळताना बुडबुडे येतात आणि कुजल्यासारखा वास सुटतो, त्याने दचकायचे कारण नाही. प्राणवायू न पोहोचणाऱ्या गाळात पाला कुजून मिथेन तयार होतो. वास येतो तो त्याच्याबरोबरच्या गंधकयुक्त वायूचा. अलेसांद्रो व्होल्टा याने १७७६ साली इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी असाच गाळ ढवळून वर आलेला वायू बाटलीत भरला आणि तो जळतो हे दाखवले. विजेच्या दाबाच्या ‘व्होल्ट’ या एककाला ज्याचे नाव आहे तोच हा व्होल्टा. काठावर काडी ओढून तो प्रयोग पुन्हा करण्याची मात्र गरज नाही.

हिरवे पाणी

ऊबदार, वारा पडलेल्या दिवसांत पाण्यावर वाटाण्याच्या सारासारखी हिरवट साय किंवा रंगाचा डबा सांडल्यासारखे पट्टे दिसले तर सावध व्हावे. हे नीलहरित शेवाळ म्हणजे खरे पाहता सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू असतात आणि त्यांच्या काही जाती यकृताला किंवा मज्जासंस्थेला बाधणारे विष तयार करतात. हलका वारा सुटला की ही साय वाहत जाऊन वाऱ्यासमोरच्या काठाला दाट होते, त्यामुळे एका काठाचे पाणी स्वच्छ आणि समोरच्या काठाचे विषारी असे एकाच सकाळी घडू शकते. ओळखण्याची एक साधी रीत म्हणजे लांब काडी बुडवून वर काढणे: काडीला केसांसारखे हिरवे धागे लटकले तर ते साधे तंतुमय शेवाळ असते, आणि काडी रंगात बुडवल्यासारखी माखून निघाली तर नीलहरित असण्याचा संभव मोठा असतो. शंका आली तर स्वतः, मुलांनी किंवा कुत्र्याने त्या पाण्याला स्पर्शही करू नये. कुत्र्यांना धोका विशेष, कारण ते पाणी पितात आणि बाहेर आल्यावर अंग चाटतात. असे पाणी उकळून पिण्याने विष जात नाही.

पाण्यात उतरायचे असल्यास

जिथे पोहण्याची परवानगी आणि जीवरक्षक दोन्ही आहेत तिथेच उतरावे, हे वाक्य कंटाळवाणे असले तरी त्याला पर्याय नाही. वरचे पाणी कोमट लागले तरी तळ्यात पाण्याचे थर असतात आणि दोन-तीन मीटर खाली ते अचानक गार होऊ शकते. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या मानाने सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. पाण्याचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर अचानक पडलेल्याला पहिल्या क्षणी आपोआप धाप लागते, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर उत्तम पोहणाराही बुडतो. म्हणून पडल्याबरोबर हातपाय मारू नयेत. पाठीवर होऊन तरंगत राहावे, मिनिटभरात श्वास ताब्यात येतो, मग काठ शोधावा. थंड पाण्यात हातापायांत उपयोगी जोर राहतो तो साधारण दहा मिनिटे, तेव्हा दूरच्या सोप्या काठापेक्षा जवळचा अवघड काठ बरा.

होडीत किंवा कयाकमध्ये बसताना लाइफ जॅकेटवरचा तरंगवण्याच्या बळाचा आकडा वाचावा. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्याला तरंगायला मदत करते, एवढेच. बेशुद्ध माणसाचे तोंड वर राखण्याच्या दृष्टीने बनवलेली जॅकेटे १०० आणि १५० न्यूटनची किंवा त्याहून वरची असतात. पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने खांद्याशी धरून वर उचलून पाहावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वल्हवावे, म्हणजे दमलेल्या अंगाने परतताना वारा साथ देतो. धरणाची भिंत, सांडवा आणि पाणी उचलण्याचे मनोरे यांच्याजवळ होडी नेऊ नये. दरवाजे कधी उघडतील हे पाण्यावरून दिसत नाही. वीज चमकून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. त्याच क्षणी पाणी सोडावे, एकट्या झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे.

मगरी असलेल्या प्रदेशात वरचे सगळे बाजूला ठेवून फलक वाचावेत आणि काठापासूनच दूर राहावे.

पक्ष्यांपासूनचे अंतर

किती जवळ जावे याला मीटरमध्ये उत्तर नाही, कारण रोज माणसे पाहणारी बदके आणि काल रात्रीच उतरलेला थवा यांची सहनशक्ती सारखी नसते. पक्षीच उत्तर देतात. खाणे थांबवून माना एकदम वर होणे ही पहिली सूचना; त्यानंतर चालत किंवा पोहत दूर सरकणे; मग हाका; आणि शेवटी उड्डाण. पहिल्याच सूचनेला थांबणारा माणूस दिवसभर पाहत राहतो. दूरवरून आलेल्या पक्ष्याने साठवलेली चरबी हे त्याचे परतीचे इंधन असते, आणि छायाचित्रासाठी उडवलेला प्रत्येक थवा ते आपल्यापायी जाळतो. ध्वनिमुद्रित हाका वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावणे आणि थव्यावर ड्रोन नेणे हे दोन्ही प्रकार याच कारणाने वर्ज्य मानावेत.

विणीच्या दिवसांत टिटवी डोक्यावरून पुन्हा पुन्हा ओरडत झेपावू लागली तर ती आपल्याला रागावलेली नसून आपण तिच्या अंड्यांच्या जवळ आलो आहोत. तिचे घरटे म्हणजे उघड्या जमिनीवरचा उथळ खळगा. त्यात बहुधा चार अंडी, टोके आत करून ठेवलेली आणि खड्यांपासून वेगळी न ओळखता येणारी. अशा वेळी शोधत पुढे जाऊ नये. आहे तिथेच थांबून, पायाखाली पाहत, आपल्याच पाऊलखुणांवरून मागे यावे. कुत्रा बरोबर असेल तर तो दोरीनेच बांधलेला असावा. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना मोकळा कुत्रा कोल्ह्यापेक्षा वेगळा वाटत नाही. बदकांना पाव टाकण्याची सवयही सोडावी, कारण त्यात त्यांच्या कामाचे पोषण फारसे नसते आणि न खाल्लेला पाव कुजून वर सांगितलेल्या हिरव्या सायीचे खत होतो.

मुलांना बरोबर नेल्यास

मुलांना ‘शांत बस’ सांगण्यापेक्षा काम द्यावे. टिबुकलीने बुडी मारल्यापासून ती वर येईपर्यंतचे सेकंद मोजायला सांगितले तर पाच वर्षांचे मूलही पंधरा मिनिटे जागचे हलत नाही, आणि ती वर कुठे निघेल यावर पैज लागते. दुसरा उद्योग पाण्याची पारदर्शकता मोजण्याचा. आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने १८६५ साली समुद्रात पांढरी थाळी सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजले. आजही सरोवरांचे अभ्यासक याच रीतीने, सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची थाळी वापरून, पाण्याचा गढूळपणा नोंदवतात. पांढरे झाकण, त्याला बांधलेला दगड आणि हातभर अंतरावर गाठी मारलेली दोरी एवढ्यावर कठडा असलेल्या धक्क्यावरून हे करता येते. दर महिन्याला तीच जागा मोजली की तळ्याचा स्वभाव आकड्यांत दिसू लागतो. पाण्याजवळ मुले असताना एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडेच पाहायचे, दुर्बिणीतून नाही, हे आधीच ठरवून घ्यावे.

निघताना आणि परतल्यावर

आणलेले सगळे परत न्यावे, हे सांगायला नको. पण मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा तुकडा दिसला तर तो आपला नसला तरी उचलावा, कारण बगळ्याच्या पायात अडकलेला तो दोरा आपणहून सुटत नाही. शौचाला जावे लागले तर पाण्यापासून निदान ६० मीटर दूर जावे. पाहिलेल्या पक्ष्यांची जागा, वेळ आणि अंदाजे संख्या लिहून ठेवावी. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने २००२ साली सुरू केलेल्या ईबर्ड या संकेतस्थळावर ती नोंदवता येते आणि अभ्यासकांना वापरता येते. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना १९६७ पासून चालू आहे आणि ती मुख्यतः हौशी लोकांच्याच डोळ्यांवर उभी आहे. घरट्याची नेमकी जागा मात्र कुठेही जाहीर करू नये.

एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाण्यापूर्वी बूट, काठी, जाळी आणि होडीचा तळ घासून धुवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिचा एक तुकडाही नव्या पाण्यात पुरतो, आणि अनुकूल परिस्थितीत तिचा पसारा दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. गोगलगायींची अंडी आणि शिंपल्यांची पिल्ले तर डोळ्यांना दिसतही नाहीत, म्हणून दिसणारा चिखल गेला तरी दोन दिवस उन्हात वाळवण्याला सुट्टी देऊ नये.

स्वतःचेही असेच तपासावे. गुडघ्यामागे, कमरेशी आणि केसांच्या कडेला गोचिडी किंवा जळवा चिकटल्या आहेत का ते अंघोळीपूर्वी पाहावे आणि पायावरच्या ओरखड्यांना साबणाने स्वच्छ करावे. साचलेल्या पाण्यात उंदीर आणि गुरे यांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. ते जखमेतून किंवा डोळ्या-नाकाच्या त्वचेतून शिरतात आणि आजार साधारण एक ते दोन आठवड्यांनी, क्वचित महिन्याभरानेही, दिसतो. तोवर तळ्याची सहल विस्मरणात गेलेली असते आणि ताप, पोटऱ्यांतली वेदना आणि डोळ्यांची लाली यांचा संबंध कोणी तिच्याशी जोडत नाही. पुढच्या महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत, त्यांनी विचारले नाही तरी, अमुक तारखेला अमुक तळ्याच्या पाण्यात पाय घातला होता एवढे स्पष्ट सांगावे.